मी नाव घेतलं नव्हतं

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर नदीवर. पूल टाकण्याचा सराव. काठावरून तराफे सोडायचे, त्यांच्यावर लोखंडी चौकटी सरकवायच्या, पिना ठोकायच्या, आणि सगळं जमलं की पुन्हा सोडवून ठेवायचं. पाणी इतकं गार की जवानांची बोटं वळेनात. उंटाने मात्र सगळ्यांना हसतं ठेवलं.

उंट म्हणजे माझा कॅप्टन, तुकडीत माझ्या खालोखालचा अधिकारी. मान लांब, पाय लांब, आणि सकाळी चहा मिळाला नाही तर चेहराही तसाच. जवान त्याला मागून उंट म्हणतात, मी तोंडावर म्हणतो.

घरी आलो तर बायको टपूनच बसली होती. तिच्या चुलतबहिणीची मुलगी दातांची डॉक्टर आहे, स्वभावाने गोड आहे, आणि उंटाला अगदी शोभेल अशी उंच आहे.

"तू विचार ना त्याला," ती म्हणाली.

"मी पूल बांधतो. लग्नं जुळवत नाही."

"दोन्हीकडे दोन टोकंच जोडायची असतात."

हिच्याशी बोलण्यात मी आजवर जिंकलेलो नाही.

६ फेब्रुवारी

नदीवरून परत येताना जीपमध्ये विचारलं. उंट चालवत होता.

"वहिनींना सांगा, नको," तो म्हणाला.

"अरे, मुलगी बघ तरी. बघायला काय जातं?"

 पुढच्या वळणावर त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हात स्टीअरिंगवरच.

"सर, मुलगी कितीही चांगली असली तरी मी तिला फसवणार नाही. मला मुली आवडत नाहीत. म्हणजे, त्या अर्थाने नाही. कळतंय ना मी काय म्हणतोय?"

कळायला मला जरा वेळच लागला. समोरून एक ट्रॅक्टर येत होता, तो पार निघून जाईपर्यंत मी त्याच्याकडेच बघत राहिलो.

"खोटं कारण सांगता आलं असतं," तो म्हणाला. "पण मग पुढच्या महिन्यात वहिनी दुसरं स्थळ आणणार." आणि हसला. हसू काही टिकलं नाही.

नियम त्यालाही ठाऊक आहे, मलाही. असं काही उघड झालं की चौकशी, आणि चौकशीनंतर घरी. मी म्हणालो, "माझ्यापाशीच राहील. शब्द देतो." त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.

आता हे लिहिताना वाटतं, मी आणखी काही बोलायला हवं होतं. काय, ते सुचत नाही. खरं सांगायचं तर उरलेल्या रस्त्यात मी दुसराच विचार करत होतो. आम्ही किती वेळा एका तंबूत झोपलोय, एका नळावर अंघोळ केलीये, ते आठवून बघत होतो. वावगं काहीच आठवलं नाही. मग आठवत कशाला होतो?

बायकोला सांगितलं, त्याचं दुसरीकडे जमलेलं दिसतंय. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली आणि "बरं" म्हणाली. एवढ्या सहज तिने कधी हार मानलेली नाही. दमली असेल.

११ फेब्रुवारी

सरकारने समिती नेमली आहे. समलिंगी माणसांना उघडपणे सैन्यात राहू द्यावं का, यावर ती सगळ्यांची मतं ऐकणार. योगायोग तरी कसला!

नदीवर चहाच्या वेळी एका जवानाच्या मोबाइलवर ती बातमी लागली. नुकताच दाखल झालेला एक पोरगा काहीतरी पाचकळ बोलला. दोघंतिघं हसले नाहीत, उलट मान खाली घालून कप फुंकत बसले. सुभेदार त्या पोराच्या अंगावर असे खेकसले की त्याचा चहाच सांडला. "तोंड चालतंय तेवढे हात चालव! ऊठ, त्या पिना मोज!" मग स्वतः उठून त्यांनी उंटाच्या हातात चहा नेऊन दिला, माझ्याआधी.

सुभेदारांना राजकारणाच्या गप्पा खपत नाहीत. शिस्तीचा माणूस.

१८ फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं. समितीपुढे सैन्याच्या बाजूने बोलायला माणूस हवा आहे. "ऑफिसातला नको. हाताला चिखल लागलेला हवा. तुमचं बोलणं सरळ असतं, लोकांना पटतं." नियम आहे तसाच राहावा हीच सैन्याची भूमिका, ते म्हणाले, अर्थात बोलायचं ते स्वतःच्या मनाने.

निघताना दारापाशी म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुमच्या बढतीचं बघतोय. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मीही म्हणालो, काहीच संबंध नाही. आणि खरोखरच नाही. नियम राहावा हे माझं मत आधीपासूनचं आहे. बढतीसाठी मत बदललं असतं तर गोष्ट वेगळी.

बायकोला समारंभाचा गणवेश बाहेर काढायला सांगितला. कोट पोटावर बसत नाही. ती म्हणाली, "श्वास आत घेऊनच बोल."

२० फेब्रुवारी

उंटाला मीच सांगितलं. दुसऱ्याकडून कळलं असतं तर बरं दिसलं नसतं. गोदामात दोरांची तपासणी चालली होती.

"तुम्हाला काय वाटतं ते बोला, सर."

"मला वाटतं, नियम राहावा."

"बरं."

"हे तुझ्याविरुद्ध नाही रे."

"माझ्याबद्दलच आहे, सर." दोराचा पीळ तो अंगठ्याने उलगडून बघत होता. "पण बोला. आता कोणी विचारतंय तरी."

रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

राजधानीतल्या विश्रामगृहात बसून लिहितोय. साक्ष झाली.

सभागृह भरलेलं. पत्रकार, कॅमेरे. अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश आहेत, बारीक अंगाच्या, आवाज न चढवणाऱ्या. माझ्याआधी एका निवृत्त लष्करी परिचारिकेला बोलावलं होतं. ती म्हणाली, "मी आयुष्यभर जखमींचे कपडे कापले. शेजारच्या खाटेवरचा कोणावर प्रेम करतो, हे मला कोणीही विचारलं नाही. सगळे पाणी मागायचे." मग म्हणाली, "एक पोरगा जाताना आपल्या मित्राचं नाव घेत होता. त्याचे आईवडील आले तेव्हा मी सांगितलं, तुमचंच नाव घेत होता. तुमच्या नियमाने मला खोटं बोलायला लावलं. मेलेल्या मुलाबद्दल." 

त्यानंतर मी. मी सुरुवात चांगली केली. सैनिकाला झोपायला वेगळी खोली नसते, म्हटलं. अंघोळ, जेवण, झोप, सगळं एकत्र. पुलाची चौकट सगळ्यांनी एका दमात उचलायची असते. एकाने शेजाऱ्याकडे बघून हात आखडता घेतला तर ती पायांवर येते. विश्वास हा आमचा कायदा. काही माना हलताना दिसल्या.

अध्यक्षांनी विचारलं, "हे तुम्ही पाहिलंय, की तुम्हाला असं वाटतं?"

"अनुभवावरून सांगतोय."

"मग अनुभवच सांगा."

मी अडकलो. सगळे बघत होते. त्या परिचारिकेनंतर हवेतलं काही बोललो असतो तर हसं झालं असतं. आणि मला न्यायानेच बोलायचं होतं, अशा माणसांबद्दल वाईट बोलायचं नव्हतं. म्हणून म्हणालो, "माझ्याच हाताखाली असा एक अधिकारी आहे. त्याच्यासारखा माणूस मिळायचा नाही. गेल्या पुरात तराफा उलटला तेव्हा कमरेला दोर बांधून तो उतरला आणि दोघांना बाहेर काढलं. पण उद्या त्याने हे सगळ्यांसमोर सांगितलं तर त्याच्या हुकमावर तेच जवान पाण्यात उतरतील का, याची मला खात्री नाही."

"तुम्ही त्यांना विचारलं?"

"नाही."

"आणि तुम्ही हे इथे सांगणार, हे त्या अधिकाऱ्याला माहीत आहे?"

"मी नाव घेतलेलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावलं.

बाहेर मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "उत्तम. कौतुक करून विरोध केलात. कोणी बोट ठेवू शकणार नाही."

मी नाव घेतलं नाही. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नाव, हुद्दा, काहीच नाही.

२८ फेब्रुवारी

पुराच्या वेळी उंटाचा सत्कार झाला होता. फोटो छापून आला होता. कमरेला दोर होता त्यात.

हे मला काल का आठवलं नाही?

आज सकाळच्या बातम्यांत तोच फोटो. चेहरा धूसर केलेला. मान तेवढी दिसते. ती मान कोणीही ओळखेल.

घरी आलो तर टीव्ही चालू होता. बायकोने तो बंद केला आणि विचारलं, "त्याने तुला सांगितलं होतं ना? विश्वासाने?"

"तुला माहीत होतं?"

"तू 'दुसरीकडे जमलंय' म्हणालास तेव्हा तुझे कान लाल झाले होते." ती स्वयंपाकघरात गेली. मग तिथूनच म्हणाली, "मी कोणाला बोलले नाही."

३ मार्च

मोठ्या साहेबांचा फोन. आता चौकशी करावीच लागेल, तेव्हा लेखी नाव द्या. मी म्हटलं, मी समितीपुढे मत मांडलं, तक्रार केलेली नाही. ते म्हणाले, "मेजर, कॅमेऱ्यासमोर तुम्ही सांगितलंत की असा अधिकारी तुमच्या हाताखाली आहे. आता ठाऊक नाही म्हणायचं की सांगत नाही म्हणायचं, ते ठरवा. दोन्हींचा परिणाम एकच."

ठरवतो म्हटलं.

दुपारी ऑफिसात खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. नाव द्यायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. खरंच केलं होतं. पण साहेबांना फोन केला नाही. चहा पिऊन करू म्हटलं. मग म्हटलं, उद्या सकाळी.

४ मार्च

उंट काल संध्याकाळीच स्वतः साहेबांकडे जाऊन सांगून आला. मला न विचारता.

आज सकाळी सलाम ठोकून माझ्यासमोर उभा राहिला. "तुमच्यावर वेळ यायला नको, सर."

मी म्हणालो, "मी नाव देणार नव्हतो."

"असेल," तो म्हणाला. या एका शब्दाने दिवसभर पाठ सोडली नाही.

त्याला कामावरून दूर केलं आहे. चौकशी होईपर्यंत छावणीबाहेर राहायचं. सामान एका बॅगेत मावलं.

५ मार्च

सुभेदारांना बोलावलं. म्हटलं, तुकडीत कुजबुज नको, मी सकाळी सगळ्यांशी बोलतो, कोणाला धक्का बसला असेल तर...

ते जमिनीकडे बघत होते. "धक्का कसला, साहेब? आम्हाला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. कॅप्टनसाहेब कोणाला फोन करताना कसे लाजतात, ते काय लपतं?"

"आणि जवान?"

"त्यांनीच मला सांगितलं. कोणी काही बोलायचं नाही, असं आमचं आपापसात ठरलं होतं. वर कळलं तर साहेबांना घालवतील म्हणून." मग म्हणाले, "तुम्हालाही ठाऊक असेल आणि तुम्हीही तेच करताय, असं आम्हाला वाटायचं."

ते गेल्यावर मी टेबलावरचा पेपरवेट उचलून पुन्हा तिथेच ठेवला. दुसरं काही करता येईना.

१४ मार्च

आज पुन्हा पूल टाकला. उंटाच्या जागी दुसरीकडून एक कॅप्टन दिला आहे, तो बरा आहे. काम वेळेत झालं. चहाच्या वेळी जवान माझ्यापासून लांब बसले नव्हते. मी जवळ गेलो की फक्त उठून उभे राहत होते. पूर्वी मी "बसा" म्हणायचो आणि ते बसायचे. आज बसले नाहीत.

उंटाने राजीनामा दिला. चौकशीचा निकाल यायच्या आतच. ताबडतोब मंजूर.

२९ मार्च, शनिवार

उंटाच्या घरी गेलो. दुसऱ्या शहरात, बसने पाच तास. माफी मागायची, एवढंच डोक्यात होतं.

जुन्या इमारतीत तिसरा मजला. दार त्याच्या आईने उघडलं. ठेंगणी बाई, एवढा लांब मुलगा हिला कसा झाला असेल, असा विचार मनात आला. तो बाहेर गेला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं.

"तुम्ही मेजरसाहेब! या, या. तुमच्याबद्दल किती सांगायचा तो. पुरात तो पाण्यात होता तेव्हा दोराचं दुसरं टोक तुम्ही धरलं होतं ना?"

हो, म्हटलं. ते खरं आहे.

बैठकीच्या खोलीत टीव्हीवर चादर टाकलेली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "तो फोटो लागला त्या दिवसापासून लावलाच नाही. माझ्या मुलाचं तोंड पुसून टाकलं हो त्यांनी. चोराचं पुसतात तसं."

मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला आधी काही माहीत नव्हतं. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग वाटलं, सगळं जग त्याच्याबद्दल बोलतंय आणि मी एकटी गप्प." डोळे पुसले. "कोण होता हो तो, तिथे जाऊन सांगणारा? हा सांगत नाही. म्हणतो, होता कोणी अधिकारी."

मी खुर्चीत पुढे सरकलो.

"तुमच्यासारखं कोणीतरी तिथे जाऊन बोलायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"काकू," मी सुरुवात केली, "मला तुम्हाला..."

दारात किल्ली फिरली. उंट आत आला, त्याने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. "आई, सरांची बस चुकेल. मी सोडून येतो."

जिन्यात मी म्हणालो, "मला सांगू दे त्यांना."

"का?"

"खरं आहे म्हणून."

"सांगितलंत तर तुम्हाला बरं वाटेल. तिला नाही." तो पुढे उतरू लागला. "तिचं बरंच गेलंय, सर. शेजारणी, देवळातलं मंडळ, मनात रंगवलेली सून. तुम्ही तेवढे राहिलात."

"मग मी काय करू?"

तो थांबला. पहिल्यांदा आवाज चढला. "जिथे बोललात तिथे जाऊन बोला ना! माझ्या आईच्या खोलीत कशाला? तिथे बोला, त्याच लोकांसमोर, त्याच कॅमेऱ्यांसमोर. मग तिला कळलं तरी चालेल."

बस येईपर्यंत तो उभा राहिला. निरोप घेताना हात पुढे केला नाही, आणि मलाही धीर झाला नाही.

८ एप्रिल

समितीला पत्र पाठवलं, मला पुन्हा ऐका म्हणून. त्यांनी बोलावलंय. साहेबांना कळवलं तर ते म्हणाले, "बढतीची फाइल माझ्या टेबलावर आहे, हे लक्षात आहे ना?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही, सर," मी म्हणालो. हे म्हणताना मजा वाटायला हवी होती. वाटली नाही.

१६ एप्रिल

बोललो.

कॅमेरे कमी होते. दुसऱ्यांदा येणाऱ्या साक्षीदाराची बातमी होत नाही. मी म्हणालो, "मागच्या वेळी तुम्ही विचारलंत, जवानांना विचारलं का. आता त्यांच्याकडून कळलं. त्यांना आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते त्याच्या एका शब्दावर पाण्यात उतरत होते. विश्वास त्याने मोडला नाही. त्याने मला विश्वासाने सांगितलेलं मी इथे येऊन वापरलं. तुकडी मोडली असेल तर ती माझ्यामुळे."

एका सदस्याने विचारलं, "म्हणजे मागची साक्ष खोटी होती?"

"नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच ती इतकी वाईट होती."

अध्यक्षांनी लिहून घेतलं. बाहेर आलो तर ऊन होतं, आणि हलकं वगैरे काही वाटलं नाही. परिचारिकाबाई पायऱ्यांवर भेटल्या. म्हणाल्या, "उशीर केलात." मग माझा कोट बघून, "बटण तुटलंय तुमचं."

१२ मे

बढती दुसऱ्याला मिळाली. बायकोने पेढे आणले. का, विचारलं तर म्हणाली, "असंच." सुभेदारांच्या घरीही पाठवले. त्यांनी ठेवून घेतले. निरोप काही आला नाही.

१९ जून

समितीचा अहवाल आला. तीन विरुद्ध दोन. नियम तूर्त राहील, काही वर्षांनी पुन्हा विचार करावा. तिघांनी आपल्या बाजूने माझी पहिली साक्ष उतरवली आहे, दोघांनी दुसरी. दोन्हीकडे मीच, नावानिशी.

उंट डोंगराळ भागात पादचारी पूल बांधणाऱ्या एका कंपनीत लागलाय, असं बायको म्हणाली. तिच्याशी तो फोनवर बोलतो. माझं विचारतो का, हे मी तिला विचारलं नाही.

२० जून

सकाळी फोन आला. उंटाची आई. शेजारच्यांनी अहवालातली नावं वाचून दाखवली होती.

"ते तुम्ही होतात?"

"हो, काकू."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला.

"मग त्या दिवशी घरी कशाला आलात?"

"सांगायला."

"मग सांगितलं का नाही?"

तुमच्याच मुलाने मला अडवलं, तुमच्यासाठी, हे सांगता आलं असतं. ते खरं होतं आणि ओठांवरही होतं. पण ते सांगितलं असतं तर आईपासून लपवल्याचं त्याच्याही माथी आलं असतं. त्याचं एक गुपित मी आधीच बोलून बसलो होतो.

"धीर झाला नाही," मी म्हणालो.

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.